माजघराचा फोटो

दापोलीजवळचं आमचं घर सुट्टीला येणाऱ्या पाहुण्यांना द्यायचं ठरलं, तेव्हा बाकीची सगळी कामं काकूनं पंधरा दिवसांत मार्गी लावली. न्हाणीत नळ आला, ओटीवरच्या झोपाळ्याच्या कड्या बदलल्या, एमटीडीसीच्या निवास-न्याहारी योजनेचे कागद दादाने भरले. अडलं ते फोटोंपाशी.

पहिल्या खेपेला आलेला फोटोग्राफर कामाचा चोख होता. अंगण, पडवी, ओटी झटपट उरकून तो माजघरात आला आणि उंबरठ्यातच थबकला. "इथे फारच काळोख आहे," म्हणाला. मग त्याने दोन स्टँड उभे केले, लाइट छताकडे वळवले, वाईड लेन्स चढवली आणि ट्रायपॉडवरून एकाच फ्रेमचे पाच-सात फोटो घेतले. घडवंचीवरचं गाठोडं, जात्याशेजारची केरसुणी, दोरीवर वाळत घातलेली काकूची साडी, सगळं बाहेर गेलं. आठवड्याने फोटो आले. माजघराचा कोपरान् कोपरा उजळला होता. खिडकीबाहेरच्या पोफळीची झावळी अन् झावळी मोजता येत होती आणि चौदा बाय अकरा फुटांची खोली लग्नाच्या हॉलसारखी लांबरुंद झाली होती.

मे महिन्यात पुण्याहून एक कुटुंब आलं. त्यांच्यातले आजोबा माजघरात आले, जरा वेळ इकडेतिकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "फोटोत मोठं दिसत होतं हो." आवाजात राग नव्हता, नुसती नोंद होती. पण काकूच्या ते जिव्हारी लागलं. रात्री भांडी लावताना तिने मला विचारलं, "आपण खोटं बोललो का गं?"

मला उत्तर देता आलं नाही. फोटोत काहीच खोटं नव्हतं. भिंती आमच्याच होत्या, जातं आमचंच होतं. तरी ते घर आमचं नव्हतं. खोली अशी लख्ख, अशी रुंद आणि अशी माणसाविना दाखवायची ही रीत आली कुठून, याचा माग मी तेव्हापासून काढते आहे. जितकी मागे गेले, तितकी पुन्हा आमच्या माजघरातच येऊन पोचले.

कारण कॅमेरा म्हणजे मुळात खोलीच. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ कमानदार छताची खोली. 1604 मध्ये खगोलशास्त्रज्ञ योहानेस केप्लरने प्रकाशशास्त्रावरच्या आपल्या ग्रंथात 'कॅमेरा ऑब्स्क्युरा' असं नाव वापरलं, म्हणजे अंधारी खोली. खोलीत काळोख करायचा, भिंतीला किंवा दाराच्या फळीला बारीक भोक ठेवायचं, की बाहेरचं दृश्य समोरच्या भिंतीवर उलटं उमटतं. केप्लरच्या सहाशे वर्षं आधी अरब विद्वान इब्न अल-हैथमने याच मार्गाने ग्रहणाचा अभ्यास केला होता. भोकातून आत येतो तो नुसता उजेड नसतो, सूर्याचं चित्र असतं, आणि ग्रहणात तेही चंद्रकोरीसारखं होतं, हे त्याने मांडून दाखवलं.

हे मी पुस्तकात वाचलं ते नंतर. डोळ्यांनी पाहिलं ते 15 जानेवारी 2010 ला, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी. दक्षिणेत कंकणाकृती ग्रहण होतं, आमच्याकडे खंडग्रास. आजी वेध पाळून माजघरात जपमाळ घेऊन बसली होती. तेव्हा माजघरावर अजून जुने नळे होते. एकावर एक पालथे घातलेले अर्धगोल नळे माकडांनी हलवले की फटी पडत आणि दुपारी सारवलेल्या जमिनीवर कवडसे उतरत. रोज ते गोल असत. फट चौकोनी असो की वाकडी, कवडसा गोलच, बारा फुटांवरून पडला तर साधारण सव्वा इंचाचा. त्या दुपारी मात्र जमिनीवर पंधरा-वीस चंद्रकोरी पडल्या होत्या. आजीच्या मांडीवर एक, जात्याच्या पाळूवर दोन. आजी त्यांच्याकडे बघत राहिली आणि जप विसरली.

ते माजघर कॅमेरा होतं. जांभ्या चिऱ्याच्या दीड हात जाड भिंती, एकच लहान गजांची खिडकी, चारही बाजूंनी पडवी, ओटी आणि खोल्यांचं वेढण. घर मुद्दाम अंधारं बांधलेलं. कोकणात वैशाखाचं ऊन आणि चार महिन्यांचा तिरपा पाऊस भिंतीपर्यंत पोचू द्यायचा नाही, म्हणून छप्पर खाली उतरवायचं आणि पडवी पुढे काढायची. मग आत जो गारवा मिळतो तो काळोखासकटच. दुपारी बाहेरून आल्यावर दोन मिनिटं काही दिसत नाही, मग एकेक वस्तू उगवत जाते. आधी पितळेचं घंगाळ, मग खुंटीवरची पिशवी, मग कोनाड्यातली कुंकवाची कोयरी. या घराची ओळख अशी सावकाश होते.

आता फोटोकडे. माणसाने छायाचित्र घ्यायला सुरुवात केली तीसुद्धा स्वतःच्या घरातूनच. इंग्लंडमध्ये लॅकॉक ॲबे नावाचा जुना मठ हेन्री फॉक्स टॅलबटचं घर होतं. ऑगस्ट 1835 मध्ये त्याने लहानशा लाकडी पेटीत रसायन लावलेला कागद ठेवून आपल्या दिवाणखान्याच्या जाळीदार खिडकीचं चित्र मिळवलं. आज शिल्लक असलेलं हे जगातलं सर्वांत जुनं निगेटिव्ह. आकाराने ते टपालाच्या तिकिटाएवढं आहे. असल्या पेट्या घरभर मांडलेल्या असत आणि त्याची बायको कॉन्स्टन्स त्यांना उंदराचे सापळे म्हणे. त्या कागदावर काय उमटलं, ते महत्त्वाचं आहे. खिडकी उमटली, तिची शेकडो तावदानं उमटली. खोली उमटली नाही. पुढे 1839 मध्ये टॅलबटने रॉयल सोसायटीपुढे आपल्या शोधाचा निबंध मांडला, त्यात त्याने लॅकॉकबद्दल म्हटलं की स्वतःचं चित्र स्वतःच काढणारी ही पहिलीच इमारत असावी.

खिडकी दिसली तर खोली बुडते आणि खोली दिसली तर खिडकी जळते. घराच्या फोटोचं हे भांडण त्या पहिल्या कागदापासूनचं आहे. आपल्या डोळ्याला ते जाणवत नाही, कारण डोळा खिडकीकडे वळला की आपसूक आकसतो, कोपऱ्याकडे वळला की पसरतो, आणि मन दोन्ही जोडून घेतं. कागदाला, फिल्मला, सेन्सरला हे जमत नाही. त्यांना एकच माप धरावं लागतं.

मग उजेड आत न्यायचे मार्ग निघाले. आपल्याकडे अजिंठ्याच्या लेण्यांत आरशाने किंवा पांढऱ्या कापडाने बाहेरचं ऊन भिंतीवर फिरवण्याची युक्ती वाटाड्यांच्या हातातली. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी 1854 मध्येच स्थापन झाली होती आणि भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिथल्या पहिल्या भारतीय छायाचित्रकारांपैकी. पण त्या काळी साध्या घराच्या आतल्या खोलीचा फोटो कोण काढणार? काढले गेले ते राजवाड्यांचे. हैदराबादेत राजा दीनदयाळ यांनी फलकनुमा राजवाड्याच्या दालनांचे फोटो घेतले. झुंबरं, गालिचे, पाठ सरळ धरून उभ्या असल्यासारख्या खुर्च्या, आणि माणूस एकही नाही. 2010 पासून त्याच फलकनुमात ताजचं हॉटेल आहे.

गरिबाच्या खोलीत कॅमेरा शिरला तो स्फोट घेऊन. 1887 मध्ये जर्मनीत आडोल्फ मीथे आणि योहानेस गेडिके यांनी मॅग्नेशियमची भुकटी पोटॅशियम क्लोरेटमध्ये मिसळून क्षणात पेटणारी दारू बनवली. न्यूयॉर्कमध्ये जेकब रीस नावाचा डेन्मार्कहून आलेला वार्ताहर पोलिसांच्या बातम्या देत असे. त्याने या दारूची बातमी वाचली आणि रात्री-अपरात्री चाळींत शिरून फोटो घ्यायला सुरुवात केली. एका ठिकाणी आंधळ्या भिकाऱ्यांच्या खोलीत भिंतीवरची चिंध्या-कागदं पेटली आणि ती त्याने एकट्याने विझवली. बेयार्ड स्ट्रीटवरचा त्याचा एक फोटो प्रसिद्ध आहे. तेरा फूटही नसलेल्या खोलीत बारा बायका-पुरुष दाटीवाटीने झोपलेले, माणशी भाडं पाच सेंट. झोपेतून दचकून उठलेले ते चेहरे मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला शरम वाटली, त्यांच्या अंथरुणात आपण न विचारता डोकावतो आहोत अशी. पण रीसला हे दाखवायचंच होतं. भाड्याच्या खोल्यांत माणसं कशी राहतात ते शहराला कळावं, म्हणून 1890 मध्ये त्याने पुस्तक काढलं आणि त्याचा परिणामही झाला. त्याच्या फोटोंत कोपरे काळेच राहिले, उजेड मधोमध आदळला. तो उजेड खोलीचा नव्हता, बाहेरून आणलेला होता. तरी तो खऱ्यासाठी आणलेला होता.

यानंतर एकशेवीस वर्षांनी त्याच न्यूयॉर्कमध्ये भाड्याच्या खोल्यांचे फोटो काढायला दोन तरुण दारोदार फिरले. ब्रायन चेस्की आणि जो गेबिया. सुट्टीतल्या घरांची भाड्याची यादी इंटरनेटवर त्याआधीपासून होती. कोलोरॅडोतल्या ब्रेकनरिजचं आपलं घर भाड्याने द्यायला एका घरमालकाने 1995 मध्ये व्हीआरबीओ सुरू केलं, तिथपासून. पण 2009 मध्ये चेस्की आणि गेबिया यांची एअरबीएनबी आठवड्याला 200 डॉलरवर अडकून पडली होती. तिघा संस्थापकांनी यादी नीट पाहिली आणि त्यांच्या लक्षात आलं की फोटो वाईट आहेत. मोबाइलवर काढलेले, अंधुक, वाकडे. मग चांगला कॅमेरा भाड्याने घेऊन हे दोघे घरोघरी गेले. आठवड्याची कमाई दुप्पट झाली. पुढच्या वर्षापासून कंपनीने घरमालकांकडे धंदेवाईक फोटोग्राफर पाठवायची व्यवस्थाच केली. रीसने खोलीचा फोटो काढला तो कोणी तिथे राहू नये म्हणून. यांनी काढला तो कोणीतरी तिथे राहायला यावं म्हणून. आज जगभर घरांचे जे फोटो दिसतात त्यांची चाल त्या न्यूयॉर्कच्या फेरीतून पडली, असं मला वाटतं. दिवे लावलेले, पडदे सारलेले, खिडकीतलं आकाश निळं, खोलीत कोणी नाही.

कोणी नाही, ही गोष्ट मात्र जुनी; फलकनुमासारखीच ती पॅरिसमध्येही होती. युजीन आजे (1857 ते 1927) हा ट्रायपॉड आणि जड काचा खांद्यावर टाकून शहरभर हिंडणारा फोटोग्राफर. 1910 च्या सुमाराला त्याने पॅरिसमधल्या घरांच्या आतल्या खोल्यांचा संग्रह केला. कुठे मजुराची खोली, कुठे टोप्या बनवणारीची, कुठे व्यापाऱ्याची. पलंग आहे, शेकोटीवर घड्याळ आहे, आरसा आहे, माणूस नाही. आणि त्यातल्या काही खोल्या आजेच्या स्वतःच्याच घराच्या होत्या. फोटोखाली त्याने दुसऱ्याच कुणाचं घर म्हणून लिहिलं. तरी त्या खोल्या पोरक्या वाटत नाहीत. उशीला खळगा असतो, पुस्तकं वाकडी रचलेली असतात, कोणी आत्ताच पाणी आणायला उठून गेलंय असं वाटतं. आमच्याकडच्या पहिल्या फोटोत हेच गेलं होतं. केरसुणी आणि साडी बाहेर काढल्यावर त्या माजघरात कोणी आत्ता उठून गेलंय असं वाटायला काही उरलंच नव्हतं.

रुंदीचंही सांगायला हवं, कारण आजोबा फसले ते तिच्याचमुळे. 1900 मध्ये जर्मनीत गोर्झ कंपनीने हायपरगॉन नावाची लेन्स काढली. दोन काचांची, वाटाण्यासारखी वाटोळी, पण सुमारे 135 अंश बघणारी. छोट्या गल्लीतून अख्खं चर्च, खोलीच्या कोपऱ्यातून अख्खी खोली. अडचण अशी की मध्ये उजेड जास्त आणि कडेला काळोख पडे. म्हणून लेन्सच्या तोंडाशी एक चांदणीच्या आकाराची पाती बसवली होती. रबरी फुग्याने वारा मारला की ती गरगर फिरे आणि मधला उजेड थोपवून धरी. कडांना मधल्याइतकंच उजळ करायची ही हौस तेव्हाची. आज सोळा एमएमची लेन्स ते काम खिशातल्या पेन्सिलीसारखं सहज करते. पण रुंद लेन्सचा एक गुण आहे. जवळची वस्तू ती फुगवते आणि मागची भिंत दूर ढकलते. आमची घडवंची त्यामुळे ओटीएवढी लांब झाली आणि देवघराचा दरवाजा पलीकडच्या गावात गेला.

आता पुन्हा खिडकी आणि खोलीच्या भांडणाकडे. लॉस एंजेलिसमध्ये पियरे कोनिगने टेकडीच्या कड्यावर बांधलेलं काचेचं स्टाल हाउस आहे. त्याचा फोटोग्राफर ज्युलियस शुलमनने 1960 च्या मे महिन्यात घेतलेला फोटो वास्तुकलेच्या कुठल्याही पुस्तकात सापडतो. रात्र, खाली शहराचे दिवे, आणि काचेच्या खोलीत गप्पा मारणाऱ्या दोन तरुणी. डोळ्याने हे एकदम असं दिसणं शक्य नव्हतं. शुलमनने आधी घर अंधारात ठेवून शहरासाठी सात मिनिटं कॅमेरा उघडा ठेवला, मग आतल्या दिव्यांतले फ्लॅश उडवून त्या मुलींना त्याच फिल्मवर उतरवलं. खिडकी आणि खोली यांचं टॅलबटपासूनचं भांडण त्याने एका फिल्मवर मिटवलं. आमच्या फोटोग्राफरने पाच-सात फोटो घेऊन संगणकावर जे एकत्र केले, त्याचं कूळ हेच. फरक इतकाच की शुलमनच्या फोटोत अजूनही रात्र आहे. त्याने खोली उजळली, रात्र घालवली नाही.

आता पुन्हा सुट्टीच्या घरांकडे. जुनं, स्वतःची चाल असलेलं घर सुट्टीला भाड्याने देण्याची ब्रिटनमधली रीत लँडमार्क ट्रस्टने 1965 पासून जोपासली. पडायला आलेल्या इमारती दुरुस्त करायच्या आणि त्यात पाहुण्यांना राहू द्यायचं. त्यांच्या माहितीपुस्तकात घराच्या फोटोशेजारी घराचा आराखडा असतो, ही मला त्यातली सगळ्यात शहाणी गोष्ट वाटते. फोटो मोहात पाडतो, आराखडा सांगतो की बाई, जिना इथे आहे आणि न्हाणीघर खाली आहे. ट्रस्टच्या अमेरिकन भगिनी संस्थेकडे व्हर्मॉन्टमधलं 'नौलखा' आहे. मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारात जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंगने 1893 मध्ये बांधलेलं हे घर. लाहोरच्या मंडपाचं नाव त्याने अमेरिकेतल्या टेकडीवर नेलं. आज कोणीही पैसे भरून तिथे राहू शकतं आणि किपलिंगच्याच टबमध्ये अंघोळ करू शकतं.

उजेडाबद्दल मी सगळ्यात जास्त शिकले ती मात्र गोव्यात. लोटलीसारख्या गावांतल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपले बसवलेले आहेत. चपट्या, जवळजवळ पारदर्शक शिंपल्यांचे चौकोनी तुकडे लाकडी पट्ट्यांत ओवलेले. त्या शिंपल्यांना आता कायद्याने संरक्षण आहे, त्यामुळे तुटलेला तुकडा बदलणंही सोपं राहिलेलं नाही. मी एका अशा खोलीत दुपारी बसले होते. बाहेर डोळे दिपवणारं ऊन आणि आत दुधात पाणी घातल्यासारखा उजेड. कुठे भगभग नाही आणि काळोख मऊ. आजचे फोटोग्राफर छत्र्या आणि पांढरे डबे लावून जे मिळवू पाहतात, ते त्या खिडकीत केव्हापासून आहे. घर स्वतःच सांगत होतं की मला किती उजेडात बघायचं. तिथून आले तेव्हा ठरवलं, माजघराचा फोटो माजघराच्याच उजेडात घ्यायचा.

आमच्या माजघरावरचे नळे जाऊन आता मंगलोरी कौलं आहेत. 1865 मध्ये बासेल मिशनने मंगळूरला ज्यांचा कारखाना काढला, तीच खाच-जोडाची कौलं. ती एकमेकांत घट्ट बसतात, म्हणून कवडसे गेले. नळे उतरवताना काकूनं हट्टाने एक कौल काचेचं घालून घेतलं. त्यातून उतरतो तो गोल कवडसा नाही, एक लांबट तुकडा आहे, पण तो चालतो. सकाळी पश्चिमेच्या भिंतीवर असतो, मग खाली उतरतो आणि पूर्वेकडे सरकत जातो. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य दापोलीच्या थेट डोक्यावर असतो, तेव्हा दुपारी तो बरोबर कौलाखाली येतो. थंडीत उत्तरेकडे झुकतो आणि देवघराच्या उंबऱ्याला शिवतो.

दुसऱ्या खेपेला फोटो मी आणि माझी मैत्रीण मिळून काढले. तिच्याकडे साधी पस्तीस एमएमची लेन्स होती. लाइट आणला नाही. काकूला विचारलं, "उजेड जात्यावर कधी येतो?" ती म्हणाली, "साडेअकराला. तो पाळूवर आला की मी भाताचं आधण ठेवते." त्या दिवशी आम्ही आधणाची वाट बघितली. कोपरे काळे पडणार होते, पडू दिले. मागच्या दारातून येणारं ऊन थोडं आत वळवायला काकूनं तिची मोठी स्टीलची परात धरली आणि घंगाळाची कड तेवढी चमकली. केरसुणी जागेवर होती. साडी दोरीवर होती. खिडकी जळली, पोफळी दिसली नाही, पांढरा चौकोन राहिला.

फोटोत माजघर लहान दिसतं. त्याच्याशेजारी दादाने चौकटीच्या कागदावर काढलेला घराचा आराखडा टाकला आहे. माजघर चौदा बाय अकरा, खिडकी एक, उंबरठा नऊ इंच, न्हाणी मागच्या पडवीत.

परवा नाशिकची एक बाई तिच्या आईला घेऊन आली. सामान ओटीवरच ठेवून आई सरळ माजघराच्या दाराशी गेली, उंबरठ्यावर हात टेकून डोळे बारीक केले आणि काकूला विचारलं, "तो उजेड अजून आला नाही का?"

काकूनं पाट पुढे सरकवला. "बसा. अजून वीस मिनिटं आहेत."